पुलापुरती आई

लोकर कातरायचे दिवस तोंडावर आले आणि नेमके तेव्हाच पुलावर पोलीस येऊन बसले. नदीपलीकडच्या कुरणांवरून मेंढ्या चोरीला जात होत्या. त्यातच कुठून तरी बातमी उठली की पोरं पळवणाऱ्या बायका फिरतायत. बातमीला पाय फुटले, मग तिला रंगही आला, आणि तो रंग उतारावरच्या माणसांचा निघाला. काळी, राठ केसांची, शब्द अर्धे गिळून बोलणारी ही माणसं नदीच्या अलीकडच्या उतारावर कितीतरी पिढ्या राहत होती आणि पलीकडच्यांच्या मेंढ्या कातरून पोट भरत होती. पण पुलाच्या पलीकडच्या टोकाला एक आडवा बांबू, एक तंबू आणि दोन खुर्च्या आल्या, आणि इतक्या वर्षांची ओळख पुसून गेली. आता रोज सकाळी नव्यानं सांगायचं, आपण कोण आणि कुठे चाललो.

पहिल्या दिवशी टेंपो अडवला तेव्हा थोरला भाऊ चालवत होता आणि शेजारी त्याची बायको होती. मागे पोत्यांवर धाकटा, त्याची बायको आणि तिच्या मांडीवर चिंगी. चिंगीला अजून उभं राहता येत नव्हतं. नुसती रांगायची आणि हाताला लागेल ते तोंडात घालायची.

खुर्चीतून जो पोलीस उठला त्याला जाड चष्मा होता. त्यानं थोरल्याला बोटानं खाली बोलावलं.

“ए, उतर. मागचा तू पण.”

दोघा भावांना कठड्याकडे तोंड करून, दगडावर हात ठेवून उभं केलं. त्यांच्या मागून दोन मोटारी आल्या, काचा खाली न करता निघून गेल्या. एका पोरसवदा पोलिसानं पोत्यात हात घातला आणि कातरी एकेक काढून टेंपोच्या बॉनेटवर मांडल्या.

“एवढी हत्यारं घेऊन कुठे चाललात?”

“मेंढ्या कातरायला, साहेब.”

“कातरायला का गायब करायला?” पोरसवदा हसला. चष्मेवाला हसला नाही. त्यानं एका पात्यावरून अंगठा फिरवला आणि तो मागच्या बाजूला आला. आधी धाकटीकडे पाहिलं, मग चिंगीकडे. मग पुन्हा धाकटीकडे.

चिंगी गोरी होती. सासूच्या माहेरी कोणी गोरं होतं म्हणे. तो रंग दोघा लेकांना चुकवून थेट नातीत उतरला होता. धाकटी मात्र उतारावरच्यांतही काळी. पोर झालं तेव्हा सुईण म्हणाली होती, “हे तुझ्यातून निघालंय यावर माझाच विश्वास बसत नाही, आणि काढलंय मीच.” तेव्हा सगळे हसले होते. धाकटीही हसली होती.

“हे पोर कोणाचं?” चष्मेवाल्यानं विचारलं.

धाकटीनं तोंड उघडलं.

“माझं,” पुढून आवाज आला. थोरली खाली उतरून आली होती. शाल खांद्यावर नीट घेत, पलीकडच्यांसारखे शब्द पुरते उच्चारत ती म्हणाली, “माझं आहे, साहेब. ही सांभाळते.”

थोरलीही गोरी होती. तिला तर आजीचे सरळ केसही मिळाले होते. उतारावर जन्मून ती बाजारात खपायची ती पलीकडची म्हणून, आणि भाजीवाले तिला माप घसघशीत द्यायचे.

चष्मेवाल्याचा आवाज एकदम घरातला झाला. “मग ताई, बाळाला मागे धुळीत कशाला? पुढे घ्या की. कुरणवाल्यांच्या घरातल्या का तुम्ही?”

थोरलीनं मान हलवली. ती हो होती की नाही, कोणालाच सांगता आलं नसतं. मग तिनं हात पुढे केले. धाकटीनं चिंगीला दिलं असं नाही. हात सैल सोडले, एवढंच.

बांबू वर गेला. टेंपो वळणाआड आला तसा थोरला मोठ्यानं हसायला लागला. “म्हणजे मी माझ्याच बायकोचा ड्रायव्हर. पगार कधी, बाईसाहेब?”

“आधी नीट चालव. नाहीतर काढून टाकीन.”

मागे धाकटाही हसत होता. “वहिनी होत्या म्हणून निभावलं बरं का.”

“मी सांगत होतेच ना माझं आहे म्हणून,” धाकटी म्हणाली.

“आणि त्यानं ऐकलं असतं? तुझ्याकडे बघ, पोरीकडे बघ.”

तो सहज बोलला. बोलून त्यानं कातरी पोत्यात भरायला घेतल्या. धाकटी पुढच्या काचेतून दिसणारं चिंगीचं डोकं बघत राहिली. ते थोरलीच्या खांद्यावर टेकलं होतं.

कुरणावर पोचल्यावर विचार करायला उसंत नसायची. मेंढी ओढून आणायची, बुडावर बसवायची, दोन गुडघ्यांत दाबून धरायची आणि पोटापासून सुरुवात करायची. पातं कातडीला लागून सरकलं पाहिजे, पण कातडी धरता कामा नये. मेंढी घाबरली की अंग आकसतं, आणि आकसलेल्या अंगावर कातर अडखळते. म्हणून धाकटी तिच्या कानाशी तोंड नेऊन काहीतरी पुटपुटत राही. लोकरीचा तेलकटपणा कोपरापर्यंत चढायचा. मान भरून यायची. दुपारपर्यंत छातीत दूध दाटून दगड व्हायचं.

थोरलीला कातर धरता येत नव्हती. एका मेंढ्यानं लाथ मारून तिचं मनगट मोडलं होतं आणि ते वाकडंच बसलं. ती सावलीत बसून लोकर निवडायची, मळकी वेगळी, लांब धाग्याची वेगळी, आणि निवडता निवडता चिंगीला सांभाळायची. लग्नाला इतकी वर्षं होऊन तिची कूस उजवली नव्हती. दोनदा दिवस गेले होते, दोन्ही वेळा वाया गेले. त्याबद्दल घरात कोणी बोलत नसे, आणि न बोलण्याच्या बदल्यात सगळे तिला थोडं थोडं जास्त देत. धाकटीही देत आली होती. पाटावरची जागा, गरम पाणी, सणावाराचं नवं कापड. त्यात पोर धरलेलं नव्हतं.

दुपारी धाकटी हात घासून घासून धुवायची तरी वास जायचा नाही. चिंगीला पदरात घेतलं की ती नाक मुरडायची, एक घोट घेऊन मान फिरवायची आणि सावलीकडे बघायची.

“तुझ्या हाताला मेंढीचा वास येतो गं,” थोरली म्हणायची. “तिचा काय दोष.”

“तुमच्या हाताला लोकरीचा येत नाही वाटतं?”

“मी ओल्या फडक्यानं पुसते.” आणि ती फडकं पुढे करायची. खरंच पुढे करायची. त्यात खोट काढता येत नव्हती, हेच धाकटीला जास्त लागायचं.

पुलावर एकदा सांगितलेलं रोज सांगावं लागलं. चष्मेवाला चिंगीला ओळखायला लागला होता. त्याच्या घरी एवढंच लेकरू होतं. तो टेंपोच्या खिडकीत वाकून विचारायचा, “ताई, झोपू देतं का रात्रीचं? आमचं तर गुरख्यासारखं जागतं.” थोरली त्याला सांगायची, पोट दुखत असेल, पालथं घालून पाठीवरून हात फिरवा. तो लक्ष देऊन ऐकायचा. एकदा त्यानं घरून दुपटं आणलं, आमच्याला लहान झालं म्हणून. तोवर थोरला आणि धाकटा कठड्याला हात लावून उभे असत आणि पोरसवदा त्यांच्या खिशांतून हात फिरवत असे. ते रोजचंच झालं. हात न सांगताच कठड्यावर जायचे.

धाकटी मागे पोत्यांवर बसून हे सगळं बघायची. चष्मेवाल्याची नजर तिच्यावरून जायची ती पोत्यांवरून जावी तशी. तिच्या मनात यायचं, हा माणूस वाईट असता तर बरं झालं असतं. दुपटं आणणाऱ्याला शिव्या तरी कशा द्यायच्या.

आणि थोरलीही आता निघण्याआधी तोंड धुवायला लागली. केस विंचरायला लागली. “पुलासाठी,” ती म्हणायची. “जरा बरं दिसलं की लवकर सोडतात.” घरच्यांना ते पटत होतं. धाकटीलाही पटत होतं. पण थोरली चिंगीचेही केस विंचरायची, पाणी लावून आपल्यासारखा मधोमध भांग पाडायची, आणि दोघी पुढच्या सीटवर बसल्या की मागून बघणाऱ्याला शंका राहू नये अशा दिसायच्या.

एकदा परतीच्या वाटेला, पूल ओलांडून अलीकडे आल्यावर धाकटीनं पुढची काच ठोकली.

“जाऊबाई, द्या आता इकडे.”

“झोपलीय गं. घरी गेल्यावर घे.”

“झोपली तरी माझ्याकडे झोपेल.”

थोरल्यानं टेंपो थांबवला. थोरलीनं मूल मागे दिलं. चिंगी जागी झाली आणि रडायला लागली. घर येईपर्यंत रडली.

“बघ,” धाकटा म्हणाला. “काय मिळालं?”

“मला मिळालं ते मिळालं.”

“अगं, वहिनींनी पोरगी पळवली का तुझी? पुलापुरतं आहे ते. पोलीस गेले की संपलं.”

“तुम्हाला काय, तुम्ही कठड्याला हात लावून उभे. मागे वळून बघता तरी येतं का तुम्हाला?”

हे बोलायला नको होतं. त्याच्या तळव्यांना दगडाचे ओरखडे होते. तो रात्री जेवायला उठला नाही. धाकटीला त्याचं वाईट वाटलं, पण खरं सांगायचं तर चिंगीचं जितकं वाटत होतं तितकं नाही.

मग एका सकाळी पुलावरच ते झालं. चष्मेवाला खिडकीत वाकून टाळ्या वाजवत होता, चिंगी त्याचा चष्मा ओढायला बघत होती, आणि एकदम थोरलीच्या तोंडाकडे वळून तिनं ओठ जुळवले, उघडले. “आ... आई.”

“ऐकलंत का, ताई,” चष्मेवाला खूष होऊन म्हणाला. “आई म्हणाली. आमचं अजून हूं की चूं करत नाही.”

थोरलीनं चिंगीच्या केसांत तोंड खुपसलं. पोत्यांवर बसलेल्या धाकटीला तिचा फक्त मागचा भाग दिसत होता: मान, मानेवरची लव, आणि हळूहळू लाल होत गेलेला कान. त्या लाल कानाचा धाकटीला इतका राग आला की तिला स्वतःचीच भीती वाटली. कुरणावर त्या दिवशी तिच्या कातरीखाली दोन मेंढ्या रक्ताळल्या.

घरी गेल्यावर थोरली आपणहून म्हणाली, “ते काय, नुसता आवाज होता गं. या वयात सगळीच पोरं काहीतरी करतात.”

“हो ना. मीही तेच म्हणत होते.”

दोघी भांडी घासत राहिल्या.

त्यानंतर थोड्याच दिवसांत चिंगीचं अंग तापलं. सकाळी डोळे जड होते, ओठ सुकलेले. थोरली म्हणाली, मी थांबते हिच्याजवळ, तू जा. तिकडे कातरायला हात कमी पडतील. बोलणं बिनतोड होतं. पण धाकटा म्हणाला, “वहिनी पुलाला लागतात. हीच राहू दे.”

टेंपो गेला आणि घर रिकामं झालं. धाकटीनं चिंगीला अंगावर घेतलं. हाताला मेंढीचा वास नव्हता. पोरीनं मान फिरवली नाही. अंगात बळच नव्हतं तिच्या, ती तशीच छातीशी पडून राहिली. तापलेलं ते ओझं कवटाळून बसल्या बसल्या धाकटीला फार बरं वाटलं. आज ही दिवसभर माझी. मग आपल्याला नेमकं कशाचं बरं वाटतंय हे तिच्या ध्यानात आलं आणि तिनं घाईघाईनं उठून फडकं भिजवलं.

ऊन डोक्यावर आलं तसा ताप चढला. चिंगीचे डोळे वर गेले, हातपाय ताठ झाले, तोंडाला फेस आला. मग सगळं अंग एकदम सैल पडलं. धाकटीनं तिला शालीत गुंडाळलं आणि ती निघाली. दवाखाना पलीकडे होता. उतारावरून ती जवळजवळ धावतच खाली आली. पुलावर आल्यावर मात्र चालायला लागली. पुलावर त्यांच्यातलं कोणी धावत नसे.

“ए, थांब.” चष्मेवाला खुर्चीतून उठला. शाल बाजूला करून त्यानं पाहिलं. “हे तर ताईंचं बाळ. कुठे चालवलंस?”

“दवाखान्यात. फिट आली साहेब, अंग भाजतंय.”

“ताईंनी पाठवलं का?”

हो म्हटलं असतं तर बांबू वर गेला असता. ते तिला तेव्हाही कळत होतं. सकाळीच थोरलीनं त्याला सांगून ठेवलं असणार, बाळाला कणकण आहे, बाई सांभाळतेय घरी. सगळं जुळत होतं. एक ‘हो’ पुरला असता. पण इतके दिवस पोत्यांवर बसून जे गिळलं होतं ते घशाशी येऊन थांबलं होतं, आणि त्या ‘हो’ला वाटच मिळेना.

“कोणी पाठवायला कशाला हवं? पोर माझं आहे.”

“काय?”

“मी जन्म दिलाय तिला. माझी आहे ती.”

चष्मेवाल्याचा चेहरा बदलला. तो रागावला नाही, घाबरला. बातमीतली बाई त्याच्या समोर उभी होती, आणि कडेवर त्याच्या ओळखीचं लेकरू. त्यानं हाक मारली. तंबूतून एक पोलीस बाई आली आणि तिनं चिंगीला धाकटीच्या हातातून काढून घेतलं. पोरसवद्यानं धाकटीचा दंड धरला.

“तिला डॉक्टरकडे न्या आधी. मला काय विचारायचं ते मग विचारा.”

“नेतो. आईला येऊ दे तिच्या.” चष्मेवाल्यानं एकाला मोटारसायकलवरून कुरणावर पिटाळलं. मग तो वळला. “तुझं आहे म्हणतेस. मग ताई रोज माझं म्हणत होत्या तेव्हा गप्प का बसलीस?”

धाकटी पोलीस बाईच्या हातातल्या चिंगीकडे बघत राहिली.

“अंगावर पाजते ही,” पोलीस बाई म्हणाली. धाकटीच्या चोळीवर दोन ओले डाग पसरत चालले होते. “दूध आहे हिला.”

“पाजायला ठेवली असेल,” चष्मेवाला म्हणाला. “ठेवतात मोठ्या घरांतून.”

पोलीस बाईनं खांदे उडवले आणि मडक्यातल्या पाण्यानं फडकं भिजवून चिंगीच्या कपाळावर ठेवलं. चिंगीनं कण्हून डोळे उघडले, परत मिटले. धाकटी धरलेल्या दंडासकट पुढे वाकली.

“साहेब,” ती म्हणाली, “ताईंचंच आहे. चुकलं माझं. त्यांनीच पाठवलं मला. न्या तिला, पाया पडते.”

“आता कसं आलं बाहेर,” पोरसवदा म्हणाला, आणि त्यानं तिच्या मनगटांत बेडी अडकवली. कातरणाऱ्या बाईचं मनगट दणकट होतं. कडी शेवटच्या दातावर बसली.

मोटारसायकल आली. थोरली मागे बसली होती, केसांत लोकरीचे धागे अडकलेले. ती थांबायच्या आत उतरली आणि धडपडली.

“वेळेवर पकडलं, ताई,” चष्मेवाला पुढे झाला. पोलीस बाईकडून घेऊन त्यानं चिंगीला थोरलीच्या हातात दिलं. “जीप तयार आहे. आत्ता पोचता दवाखान्यात. फक्त एक सांगा. ही आधी म्हणाली पोर हिचं, मग म्हणते तुमचं. तुमचंच ना?”

थोरलीनं चिंगीच्या गळ्याला हात लावून ताप बघितला. मग तिची नजर धाकटीवर आली, बेडीवर आली. धाकटी तिच्याकडे बघून मान हलवत होती. हो म्हणा. डोळ्यांनी, ओठांनी, हो म्हणा. जीपचं इंजिन चालू होतं.

थोरली बोलली नाही. तिनं चिंगीला जरा वर घेतलं, खांद्यावर नीट लावलं. फार हळू लावलं, जसं रोज पुढच्या सीटवर लावायची तसं. मग ती चालत धाकटीपाशी आली.

“तिचं आहे,” ती म्हणाली. “मी तिची जाऊ. ड्रायव्हर माझा नवरा. बेडी काढा, पोर घेता येत नाही तिला.”

“ताई, काय बोलताय?”

“मी खोटं बोलले. तुम्ही ज्यांना रोज कठड्याला उभं करता ना, आम्ही सगळी त्यांच्यातलीच.”

चष्मेवाला तिच्याकडे बघत राहिला. तिचा रंग, केस, नाक, सगळं पुन्हा एकदा तपासत असावा. “माझ्या पोराचं दुपटं दिलं मी तुला,” तो म्हणाला. मग त्यानं जीपवाल्याला हातानं खूण केली आणि इंजिन बंद झालं.

बेडी काढली. धाकटी चिंगीला घेऊन पायीच निघाली. मागे थोरलीला कोणीतरी सांगत होतं, तिकडे, कठड्याकडे तोंड कर. तिनं वळून बघितलं नाही.

दवाखान्यात डॉक्टरीण चांगली निघाली. सुई दिली, औषध पाजलं, अंग पुसून घेतलं. ताप डोक्यात गेला नाही म्हणाली. अजून वेळ काढला असता तर सांगता आलं नसतं. “आईच ना तुम्ही?” तिनं एकदा वर पाहून विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता औषधाची बाटली हातात दिली.

बाकावर बसून चिंगीला पाजताना धाकटीला थोरलीचे उपकार आठवायला हवे होते. आठवत होतं ते वेगळंच. उत्तर देण्याआधी थोरली गप्प राहिली होती ते. किती वेळ गप्प होती? पोर वर घेतलं, खांद्याला लावलं, तेवढा वेळ. एवढा वेळ कशाला लागतो, खरं सांगायला? तेवढ्या वेळात ती कुठे जाऊन आली? धाकटीनं तो वेळ पुन्हा पुन्हा मोजून पाहिला, आणि प्रत्येक वेळी तो थोडा वाढला. मग तिला आठवलं की आपणही ‘हो’ म्हणायच्या आधी तेवढाच वेळ थांबलो होतो, आणि आपण तर ‘हो’ म्हणालोही नाही. चिंगीचं तोंड सुटलं. ती घामानं भिजली होती; ताप उतरत होता.

ती पुलाकडे परतली तेव्हा ऊन कललं होतं. कठड्याला तिघं उभी होती. कुरणावरून धरून आणलेले दोघं भाऊ, आणि मध्ये थोरली. दगडावर तिचे हात, एक मनगट वाकडं. उन्हानं मान भाजून लालेलाल झाली होती. काळ्या कातडीवर ते दिसलं नसतं. थोरल्याचा गाल सुजला होता. त्यांच्या कातरीही आणून तंबूत टाकल्या होत्या.

वरचे साहेब येऊन गेल्यावर सोडलं. चष्मेवाला स्वतः सांगायला आला नाही. खुर्ची फिरवून नदीकडे तोंड करून बसला होता. पोरसवदाच म्हणाला, “जा. कातरी उद्या ठाण्यावरून न्यायच्या. मिळाल्या तर.”

“आणि उद्या कातरायचं कशानं?” थोरल्यानं विचारलं.

“दातांनी.”

दोघं भाऊ टेंपो आणायला कुरणाकडे गेले. दोघी जावा पुलावरून पायी निघाल्या.

“उतरला?” थोरलीनं विचारलं.

“उतरला. सुई दिली.”

“पाजलंस?”

“हो.”

थोरलीनं चिंगीला हात लावला नाही. धाकटी तिच्या हाताची वाट बघत होती. सगळी वाट तिनं मनात नकार तयार ठेवला होता: आता नको, झोपलीय, दमलीय. थोरली अर्धं पाऊल मागे चालत होती, हात शालीत गुंडाळून. तो नकार कोणी मागितलाच नाही. चिंगी जागी झाली, मान वर करून तिनं मागे पाहिलं, आणि दोन्ही हात थोरलीकडे केले.

थोरलीनं नजर नदीवर ठेवली.

“घ्या की,” धाकटी म्हणाली.

“नको. पूल सरू दे. बघतायत ते.”

धाकटी थांबली. मागे तंबूपाशी खरंच सगळे बघत होते. चष्मेवाल्यानंही खुर्ची परत फिरवली होती. ऊन त्याच्या काचांवर होतं, डोळे दिसत नव्हते. पोलीस बाई कमरेवर हात ठेवून उभी होती.

“बघू देत,” धाकटी म्हणाली.

तिनं पुलाच्या मध्यावर, त्यांच्या सगळ्यांच्या समोर, चिंगीला उचललं आणि थोरलीच्या हातांत दिलं. या वेळी हात सैल सोडले नाहीत, दिलं. थोरलीचं वाकडं मनगट पोरीच्या पाठीखाली गेलं. चिंगीनं तिच्या भाजलेल्या मानेवर तोंड टेकलं आणि डोळे मिटले, आईकडे आल्यासारखी.

धाकटीच्या मनात पुन्हा तोच राग उठला, चिंगी ‘आई’ म्हणाली त्या सकाळइतकाच ताजा. तिनं तो दाबला नाही. शाल झटकून खांद्यावर घेतली आणि थोरलीच्या बरोबरीनं चालायला लागली, दोघींच्या मधे हाताएवढंही अंतर राहणार नाही इतकी जवळून.